‘काल’ आणि ‘हॅव’

मलकापूरला ढेबेवाडी फाट्यावर शेजारचा मुलगा भेटला. दहावीचा इंग्रजीचा पेपर देऊन आलेला; तोंड उतरलेले.

‘काका, “आय हॅव कम यस्टरडे” लिहिलं. चुकलं का हो?’

चुकले खरे; पण त्या बिचाऱ्याचा दोष तो काय? ‘मी कालच आलो आहे’ असे आपण मराठीत बेलाशक म्हणतो. इंग्रजाला ते खपत नाही. काल, परवा, १९४७ साली अशी सरलेली वेळ सांगितली, की साधा भूतकाळच हवा : ‘आय केम’. वेळ मोघम असेल, किंवा काळ अजून सरला नसेल, तर ‘हॅव’.

‘आणि “आत्ताच”ला?’

‘“जस्ट”बरोबर “हॅव” खुशाल घाल.’

एवढ्यात धुरळा उडवीत त्याची एसटी निघून गेली.

‘काका, द बस हॅज जस्ट गॉन!’

अगदी बिनचूक!