धुराड्यातील वायूला भाव कोण देणार?

कार्बन डायऑक्साइड इतर वायूंपासून वेगळा कसा करावा, या प्रश्नाचे रसायनशास्त्राने शोधलेले एक उत्तर मोठे देखणे आहे. सच्छिद्र आधारावर एका मायक्रॉनहूनही पातळ असा पॉलिमरचा थर चढवावयाचा. कार्बन डायऑक्साइड त्या थरात विरघळून चटकन पलीकडे जातो. मिथेन वा नायट्रोजन मागे रेंगाळतो. आधार बळकटी पुरवितो, थर निवड करतो. रूढ पद्धतीत अमाइनचे द्रावण पुनःपुन्हा तापवावे लागते. या संयुक्त पटलाला तो खर्च नाही.

अर्थात येथेही फुकट काही मिळत नाही. जो पदार्थ वायूला झपाट्याने वाट देतो तो निवडीत ढिला, आणि निवडीत काटेकोर तो संथ. लॉइड रोबसन यांनी 1991 मध्ये या देवघेवीची मर्यादारेषाच आखून दाखविली. 2008 मध्ये ती थोडी वर सरकली, पुसली गेली नाही.

तरीही खरी अडचण प्रयोगशाळेत आहे असे मानणे चुकीचे ठरेल. टेक्सासमधील सॅक्रॉक तेलक्षेत्रात 1972 पासून तेल वर ढकलण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भूगर्भात सोडला जाऊ लागला. तेलाबरोबर परतणारा वायू वेगळा करून पुन्हा खाली धाडण्यासाठी 1980 च्या दशकात तेथे सेल्युलोज ॲसिटेटची पटले बसली. ती संयुक्त नव्हती, एकाच पदार्थाची होती. पण काम भागले. कारण उघड आहे: तेथे हा वायू विकत घ्यावा लागे. नॉर्वेत कारण वेगळे होते. तेथे 1991 मध्ये कार्बन-कर लागू झाला आणि 1996 पासून स्लाइपनर क्षेत्रातील हाच वायू, तोही जुन्या अमाइन पद्धतीने वेगळा करून, समुद्रतळाखाली पुरला जाऊ लागला. हवेत सोडणे महाग पडू लागले, एवढेच.

चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यापाशी यांपैकी काहीच घडलेले नाही. कोळशाच्या धुरात हा वायू साधारणतः 12 ते 15 टक्के, आणि दाब वातावरणाइतकाच. पटलापार जाण्यास दाबातील फरक हवा. म्हणजे पंखे आणि निर्वात पंप चालवावयाचे, आणि तेही त्याच केंद्राच्या विजेवर. विकावयास तेवढी वीज कमी उरणार. भारताने 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली खरी, परंतु ती उत्पादनाच्या एककामागील उत्सर्जन मोजते. उत्पादन वाढून एकूण धूर वाढला, तरी कारखाना निर्दोष ठरू शकतो.

संशोधनाला अनुदान देणे कोणत्याही सरकारला सोपे जाते. त्याने कोणाचे वीजबिल वाढत नाही. धुराला टनामागे दर लावणे अवघड, कारण तो दर ग्राहकाच्या बिलातून वसूल करावयाचा की वीज कंपनीच्या नफ्यातून, हे वीज नियामक आयोगापुढे उघडपणे सांगावे लागेल.