उतारावर किल्ली फिरवू नका!

मंडळी, बाजारच्या दिवशी एस.टी. स्टँडबाहेर हे दृश्य तुम्हीही पाहिले असेल. गाडीचे स्टेअरिंग जाम, किल्ली फिरत नाही आणि भोवती दहा शहाणे गोळा झालेले. एक म्हणतो धक्का मारा, दुसरा म्हणतो मिस्त्रीला बोलवा, तिसरा पकड घेऊन किल्लीच पिळायला बसतो. कट्‌कन आवाज होतो, अर्धी किल्ली आत, अर्धी हातात! दिवस बुडाला तो बुडालाच, वर खर्च वेगळा.

खरे तर तिथे बिघडलेले काहीच नसते. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून कंपनीने केलेली ती सोय आहे. किल्ली बाहेर काढली आणि स्टेअरिंग थोडे फिरले, की आतली खीळ दांड्याच्या खाचेत बसते. अशा वेळी जोर करू नये. एका हाताने स्टेअरिंग हळू डावी-उजवीकडे हलवावे, ज्या बाजूला जरा ढिले लागेल तिकडे धरून ठेवावे आणि दुसऱ्या हाताने किल्ली अलगद फिरवावी. खिळीवरचा ताण गेला की कुलूप आपोआप सुटते.

उभ्या गाडीचे हे झाले. पण हीच खीळ पळत्या गाडीत बसली तर?

आपल्याकडे घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची खोड जुनी आहे. कुंभार्ली असो की आंबा घाट, "तेवढंच डिझेल वाचतं" हे ठरलेले उत्तर. आत पोरेबाळे, म्हातारी माणसे बसलेली असतात आणि ड्रायव्हरसाहेब किल्ली बंद करून निवांत! चुकून किल्ली बाहेर आली आणि वळणावर स्टेअरिंग अडकले, तर पुढे दरी आहे, हे सांगायला ज्योतिषी नको.

किल्ली आतच राहिली तरी धोका टळत नाही. पॉवर स्टेअरिंगला बळ मिळते ते इंजिनावर फिरणाऱ्या पंपाकडून, नाहीतर विजेच्या मोटारीकडून. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, किल्ली बंद म्हणजे मोटारही बंद. मग एका बोटाने फिरणारे स्टेअरिंग दोन्ही हातांना आवरत नाही. ब्रेकचेही तेच. पायाला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद पडल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबला की ती मदत संपते आणि पेडल दगडासारखे होते. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन बंद असेल तर टाकीत नवी हवा भरणार कुठून?

आणि डिझेल तरी कुठे वाचते? आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो. वर इंजिनच गाडीला आवरून धरते. म्हणजे फायदा गिअरमध्येच आहे. न्यूट्रलमध्ये नाही आणि किल्ली बंद करण्यात तर मुळीच नाही.

चालता चालता इंजिन बंद पडलेच, तर घाबरून किल्ली काढू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, जोर लावला की ते फिरते. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा. गाडी खालच्या गिअरमध्ये टाका आणि कडेला घ्या.

दुसरे दुखणे आपल्या "चालतंय की" या वृत्तीचे. महिना महिना स्टेअरिंग जड लागते आणि आपण म्हणतो, हाताला सवय झाली! अहो, बैल लंगडू लागला तर आपण त्याला औताला जुंपतो का? पुढच्या टायरात हवा कमी आहे का, स्टेअरिंगचे ऑईल उतरले आहे का, पंपाचा पट्टा ढिला झाला आहे का, एवढे तरी पाहा. जुन्या जीपला वेळेवर ग्रीस मारा. नव्या गाडीत स्टेअरिंगचा दिवा लागला तर त्यावर चिकटपट्टी लावू नका. आणि स्टेअरिंग एकाएकी जड झाले तर गाडी तिथेच थांबवा. पट्टा तुटला असेल, तर बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर बॅटरीचे चार्जिंगही असते.

गाडी शिकवणाऱ्यांनी वळण आणि रिव्हर्स शिकवताना हेही शिकवावे. वडापवाल्या मालकांनी डिझेलचा हिशेब मागताना ड्रायव्हरला घाटात इंजिन बंद करायला लावू नये. आणि वाचकहो, तुम्ही मागच्या सीटवर असलात तरी गप्प बसू नका. उतारावर इंजिनाचा आवाज थांबला, की स्पष्ट सांगा, "दादा, गाडी चालू करा." ड्रायव्हर रागावेल, रागावू द्या. घरी सुखरूप पोहोचल्यावर राग विसरता येतो.