सांडपाण्याची पूर्वसूचना सोनईपर्यंत केव्हा पोहोचणार?

देशातील पन्नास शहरांच्या सांडपाण्याची नियमित तपासणी करून दहा प्रकारच्या विषाणूंवर नजर ठेवण्याचा संकल्प भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२५ साली जाहीर केला. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता रोगाचा माग त्याच्या उगमाशीच काढावा, हा या योजनेमागील विचार सर्वथा स्वागतार्ह आहे. परंतु ही योजना शहरांची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील सोनईसारख्या मोठ्या बाजारपेठेच्या गावाने या संकल्पाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो; आणि महाराष्ट्राची निम्म्याहून अधिक लोकसंख्या खेड्यांत राहत असल्याने तो केवळ एका गावाचा प्रश्न उरत नाही.

या पद्धतीचे मर्म समजण्यास पोलिओचे उदाहरण पुरेसे आहे. पोलिओच्या विषाणूची बाधा झालेल्या सुमारे दोनशे व्यक्तींपैकी एखाद्यालाच पक्षाघात होतो. उरलेल्यांना किरकोळ ताप येतो किंवा काहीच होत नाही. मात्र त्यांच्या शौचावाटे विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत असतो. म्हणजे एक मूल लुळे पडल्याची बातमी आरोग्य खात्याला कळते, तोवर शेकडो जणांतून विषाणूचा प्रवास होऊन गेलेला असतो. जे दवाखान्यातील नोंदवहीला दिसत नाही, ते गटाराला दिसते.

मुंबईचा धडा

हे केवळ पुस्तकी अनुमान नव्हे. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत मुंबईत लसीकरण चांगले होऊनही पोलिओचे तीन रुग्ण आढळले. तेव्हा परळच्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्राने शहरातील तीन झोपडपट्ट्यांच्या सांडपाण्याचे नमुने दर आठवड्याला तपासण्यास प्रारंभ केला. २००१ या एका वर्षात १३७ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ३५ नमुन्यांत पोलिओचा पहिल्या प्रकारचा, तर एका नमुन्यात तिसऱ्या प्रकारचा वन्य विषाणू सापडला. त्या संपूर्ण वर्षात शहरात पक्षाघाताचा रुग्ण आढळला तो एकच, आणि त्याच्या तीन महिने आधी सांडपाण्याने त्याची वर्दी दिलेली होती! हे विषाणू मुंबईतील जुन्या विषाणूंचे वंशज नसून उत्तर प्रदेशातून नव्याने आलेले होते, हेही त्याच तपासणीतून उलगडले. भारतातील वन्य पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावड्याला आढळला. त्या यशात लस पाजणाऱ्या हातांचा वाटा मोठा होताच. पण गटारातील पाण्याच्या बाटल्या भरून नेणाऱ्यांचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

पुढे २०१३ साली इस्रायलच्या दक्षिण भागात सांडपाण्यात हाच विषाणू सापडला. एकही मूल लुळे पडलेले नसताना तेथील शासनाने लक्षावधी मुलांना पुन्हा लस पाजली. कोरोनाच्या साथीत हैदराबाद, बंगळूर, पुणे या शहरांतील शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातून साथीचा चढउतार आणि विषाणूची बदलती रूपे यांचा मागोवा घेतला. पद्धत सिद्ध झालेली आहे. वाद उरला आहे तो तिच्या व्याप्तीचा.

शहराच्या सीमेपलीकडे

पुण्याजवळ जानेवारी २०२५ मध्ये जे घडले ते या संदर्भात बोलके आहे. सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या नांदेड, किरकटवाडी परिसरात गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराची साथ उद्भवली आणि दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जंतू आढळला आणि संशयाची सुई पाणीपुरवठ्याकडे वळली. ही गावे २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आली होती. साथीची पहिली वर्दी मिळाली ती रुग्णालयातील खाटांवरून. त्यानंतर विहिरी, टाक्या, नळ यांची तपासणी सुरू झाली. आधी रुग्ण आणि मग पाणी, असा हा उलटा क्रम आहे.

सोनईची परिस्थिती याहून निराळी कशी असेल? मुळा धरणाच्या पाण्यावर फुललेला हा उसाचा मुलूख. गावात सहकारी साखर कारखाना आहे, शाळा-महाविद्यालये आहेत, परगावचे विद्यार्थी आहेत. हाकेच्या अंतरावर शनिशिंगणापूर आहे आणि शनि अमावास्येला तेथे साऱ्या देशातून भाविक लोटतात. गाळपाचा हंगाम सुरू झाला की दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. माणसांची इतकी ये-जा ज्या परिसरात आहे, तेथे रोगाचीही ये-जा असणारच. मात्र शहरात मैलापाणी भुयारी गटारातून एका केंद्रावर जमा होते. तेथे एक बाटली भरली की लाखभर लोकांची बातमी हाती येते. खेड्यांत शौचालयाचे पाणी शोषखड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत मुरते, मोरीचे पाणी उघड्या गटाराने ओढ्याला मिळते. नमुना घ्यावा तरी कोठून, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही.

परंतु या आक्षेपाचे उत्तर फार जुने आहे. १९४८ साली इंग्लंडमध्ये मूर नावाच्या संशोधकाने जाळीदार कापडाची गुंडाळी दोरीला बांधून गटारात काही दिवस सोडून ठेवली आणि तिच्यात अडकलेल्या जंतूंवरून विषमज्वरासारख्या तापाचा प्रसार करणाऱ्या व्यक्तींचा माग काढला. या साधनाला ना विजेची गरज, ना भुयारी गटाराची. उघड्या नाल्यात, कालव्यातही ते चालते. गावाच्या मुख्य गटाराचे तोंड, बसस्थानकाचे व विद्यार्थी वसतिगृहाचे शौचालय, यात्रास्थळाची सेप्टिक टाकी अशी चार-पाच ठिकाणे ठरवून पावसाळ्यात व गाळपाच्या हंगामात पंधरवड्याला नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवणे, हे काही अशक्य कोटीतील काम नव्हे. शहराइतका अचूक हिशेब त्यातून मिळणार नाही. पण पटकीचा किंवा विषमज्वराचा जंतू गावात आला की नाही, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

ऐकणार कोण?

खरी अडचण पुढेच आहे. चिलीची राजधानी सँटियागो येथे १९८० च्या दशकात याच साधनाने शेतीच्या पाण्यात विषमज्वराचे जंतू सापडले होते. मैलापाण्यावर पिकवलेला भाजीपाला लोक कच्चा खात होते, हे तज्ज्ञांना कळून चुकले होते. तरी त्या पाण्यावर भाजीपाला पिकवण्यास कठोर मनाई झाली ती १९९१ मध्ये, पटकीच्या भयाने! आणि मनाई होताच विषमज्वरही झपाट्याने ओसरला. इशारा होता, तो ऐकण्याचे बंधन कोणावर नव्हते.

आपल्याकडे कागदोपत्री व्यवस्था कमी नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीला जलसुरक्षक आहे, टीसीएल पावडर आहे, वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. पण साठ्यातली पावडर कधी संपलेली असते, कधी हवेने निकामी झालेली असते. या साखळीला सांडपाण्याच्या तपासणीची एक कडी जोडायची, तर प्रथम जबाबदारी निश्चित झाली पाहिजे. अहवाल किती तासांत सरपंचाला व वैद्यकीय अधिकाऱ्याला मिळावा, त्यानंतर पाण्याचे शुद्धीकरण, घरोघर पाहणी व लसीकरण कोणी व किती दिवसांत करावे, आणि हे केल्याची नोंद ग्रामसभेपुढे केव्हा ठेवावी, हे आधी लिहून काढावे. नमुन्याची बाटली त्यानंतर भरावी. नाहीतर आणखी एका रकान्याची भर, याहून अधिक काही पदरात पडणार नाही.

आणखी एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्याला शौचालयच नाही, त्याची बातमी गटारात येत नाही. ऊसतोडणी मजुराच्या कोपीतील बाई पहाटेच्या अंधारात उघड्यावर जाते, तिचे मूल त्याच ओढ्याचे पाणी पिते. आणि सर्वाधिक धोक्यात असलेले हे कुटुंब सर्वांत आधुनिक तपासणीतूनही निसटते. तेव्हा कारखान्याच्या तळावर शौचालये व शुद्ध पाणी देणे हे या योजनेचे पहिले कलम ठरते. त्याचबरोबर, एखाद्या वस्तीच्या सांडपाण्यात जंतू सापडला म्हणून त्या वस्तीकडे बोट दाखवले जाणार नाही, याचीही हमी हवी. तपासणी मदत पोहोचवण्यासाठी आहे, बहिष्कारासाठी नाही.

पन्नास शहरांचा संकल्प सिद्धीस जावो. पण त्यात प्रत्येक जिल्ह्यातील निदान एका मोठ्या गावाचा प्रायोगिक समावेश राज्य शासनाने करावा आणि त्याचा आरंभ सोनईसारख्या गावापासून करण्यास काहीच हरकत नाही. गावात विज्ञानाचे शिक्षक आहेत, प्रयोगशाळा असलेली महाविद्यालये आहेत, सहकाराची परंपरा आहे. उणीव आहे ती सांडपाण्याकडे तोंड फिरवून न जाता त्यातील वार्ता वाचण्याच्या इच्छेची, आणि वाचल्यावर वेळीच हालचाल करण्याच्या शिस्तीची.