क्लेअरच्या मतदारांना मिळालेली शिक्षा
आयर्लंडमधील क्लेअर परगण्याचा अखंड मतदारसंघ १८८५ मध्ये विभागला जाऊन संपला. तिथली १८२८ची पोटनिवडणूक मात्र आजही कॅथलिक नेते डॅनियल ओ'कॉनेल यांचा पराक्रम म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती मतदारांचा पराक्रम म्हणून सांगायला हवी. मतदान उघड, जमिनीवरून हाकलले जाण्याची धास्ती डोक्यावर. तरी मताधिकारासाठीच्या चाळीस शिलिंगांच्या अटीत बसणाऱ्या गरीब कुळांनी जमीनदारांचा उमेदवार पाडला. ओ'कॉनेल यांना २०५७ मते, प्रतिस्पर्ध्याला ९८२. तोवर कॅथलिकांना संसदेत बसता येत नव्हते; त्या धक्क्याने १८२९ मध्ये ती त्यांना खुली झाली. पण त्याचबरोबर परगण्यांतील मताधिकाराची अट दहा पौंडांवर नेली गेली. दोन लाखांवरचे मतदार चाळीस हजारांच्या आत आले.

कुळे जमीनदाराच्या हुकमाने मत देत, म्हणून त्यांना वगळणे ही सुधारणाच होती, असा बचाव केला जातो. एरवी त्यात तथ्यही होते. पण १८२६ मध्ये वॉटरफर्ड परगण्याने आणि नंतर क्लेअरने तो हुकूम मोडून दाखवला, आणि मताधिकार गेला तो त्यानंतर. दडपणाचीच चिंता असती तर गुप्त मतदान आणता आले असते. ते यायला १८७२ उजाडले. खेदाची बाब अशी की, १८२५ मध्ये खुद्द ओ'कॉनेल कॅथलिकांच्या हक्कांच्या बदल्यात गरीब कुळांचा मताधिकार सोडण्याचा सौदा स्वीकारायला तयार होते.