डावीकडून जरा कापा!

फोटोग्राफीचा नाद लागलेल्या माणसाला घरचे सोसतात, शेजारी टाळतात आणि कॅमेरा क्लब वर्गणी घेऊन सभासद करून घेतो. मीही पुण्यातल्या एका क्लबाचा सभासद झालो. नाव सांगत नाही. मला अजून तिथला चहा प्यायचा आहे.

क्लबात फोटोंचे प्रकार मोजून चार. भिगवणचे रोहित, दिवे घाटातली वारी, काशीच्या घाटावरची धुक्यातली होडी आणि सुरकुतलेला म्हातारा. हा म्हातारा अनोळखी लागतो आणि त्याच्या डोक्याला मुंडासं लागतं. स्वतःच्या वडिलांच्या सुरकुत्या चालत नाहीत. ते बनियनवर असतात, शिवाय 'आधी दळण आण' म्हणतात.

मग येतात परीक्षक. त्यांचं पहिलं वाक्य, 'प्रयत्न चांगला आहे.' दुसरं, 'डावीकडून जरा कापा.' फोटो कुठलाही असो, कापायचाच! अहो, आमचा न्हावीसुद्धा आधी डोकं बघतो.

यांचा वेद म्हणजे 'एक-तृतीयांशाचा नियम'. तो जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांसाठी लिहून ठेवला. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली. म्हणजे मूल जन्मायच्या बेचाळीस वर्षं आधीच छडी तयार!

पण माझं भांडण छडीशी नाही, कात्रीशी आहे. मागे एका सभासदाने आपल्या आईचा फोटो आणला. माउली स्वयंपाकघरात मेथी निवडतेय. मागे भिंतीवर कॅलेंडर, फळीवर पितळी डबे, खुंटीला बाजाराची पिशवी. परीक्षक म्हणाले, 'मागे फार पसारा आहे. चेहरा ठेवा, बाकी कापा.'

पसारा? अहो, तोच तर संसार! घरातला पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा फोटो काढून बघा. आजीचा चेहरा क्षणभर बघून होतो, मग सगळं घर वाकून मागचंच बघतं. रेडिओ कुठला होता? ही खिडकी कुठे गेली? आणि कोपऱ्यात अर्धा दिसतोय तो बंडूकाका का? परीक्षकांच्या हाती सापडता तर बंडूकाका वंशावळीतूनच गेला असता.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्या काळच्या फोटोंत आज आपण पागोटी बघतो, दागिने बघतो, बसण्याची ढब बघतो. स्पर्धेत गुण किती मिळाले, हे कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, हल्ली खिशात फोन आहे, घरचे हजार फोटो निघतात. निघतात की! आणि फोन बिघडला की त्याच्याबरोबर जातात. उरले तरी त्यातलं कोण, कुठलं, कधीचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. हे काम क्लबाचं आहे. त्याला प्रकाश कळतो, छपाई कळते आणि रोहितासाठी पहाटेपासून चिखलात बसण्याचा धीरही त्याच्यापाशी आहे. त्यातला थोडा स्वयंपाकघरात खर्च करावा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महिन्याला एक स्पर्धा घरच्या फोटोंची ठेवा. फोटो कागदावर छापलेला हवा. मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख हवी. कापाकापी बंद.

रोहितांचं काय, ते पुढच्या हिवाळ्यातही भिगवणला येतील. मेथी निवडणाऱ्या माउलीचं तसं सांगता येत नाही.