विजेच्या बटणावर चालणारे जंतू: चालू होतात, पण बंद?

गेल्या महिन्यात ओपीडीत एक काका आले. वय ६८, पंधरा वर्षांचा मधुमेह, रोज दोन वेळा इन्सुलिन. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ होता: पोटात सोडलेले जंतू, बाहेरून विजेचा सिग्नल, आणि "शुगर कायमची गायब". काकांचा प्रश्न सरळ होता. "डॉक्टर, हे येणारच आहे तर तोपर्यंत इन्सुलिन जरा कमी करू का?"

नाही, अजिबात नाही. पण व्हिडिओ निव्वळ थाप होता असंही म्हणता येत नाही. दोन-तीन खरे प्रयोग एकत्र कालवून त्यावर थापेची फोडणी दिलेली होती. ते प्रयोग काय आहेत आणि मला त्यात नेमकं काय खटकतं, ते आज लिहितो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जनुक बदललेल्या जंतूंची मदत तुम्ही कदाचित आजही घेत आहात. मानवी इन्सुलिनचं जनुक ई. कोलाय या जंतूत घालून बनवलेलं इन्सुलिन अमेरिकेत १९८२ साली मंजूर झालं. (काही कंपन्या ते यीस्टमध्ये बनवतात.) पण ते जंतू कारखान्यातल्या स्टीलच्या टाकीत असतात. तुमच्यापर्यंत येतं ते गाळून शुद्ध केलेलं औषध, जंतू नव्हे.

जंतूच्या पेशीत हजारो जनुकं असतात, पण ती सगळी एकाच वेळी कामाला लागत नाहीत. घरात पाककृतींची वही असली म्हणून रोज सगळे पदार्थ शिजत नाहीत, तसंच. कोणतं जनुक कधी चालू व्हायचं यासाठी पेशीत बटणं असतात. कारखान्यात ती बटणं बहुतेक वेळा रसायन टाकून दाबतात. अडचण अशी की टाकलेलं रसायन परत काढता येत नाही. वीज मात्र क्षणात चालू-बंद करता येते, म्हणून संशोधक तिच्याकडे वळले.

पण जंतूला वीज "कळणार" कशी? अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये याचं एक सुंदर उत्तर प्रसिद्ध केलं. ई. कोलायमध्ये सॉक्सआर नावाचं एक प्रथिन असतं. पेशीतले इलेक्ट्रॉन कोणी ओढून घेऊ लागलं की ते जागं होतं आणि बचावाची जनुकं चालू करतं. संशोधकांनी त्या बचावाच्या जनुकांच्या जागी आपल्याला हवं ते जनुक जोडलं. मग द्रवात निरोप्याचं काम करणारे रेणू घातले आणि इलेक्ट्रोडवरचा दाब बदलून त्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन काढून घेतले किंवा परत दिले. दाब किती? एक व्होल्टपेक्षाही कमी, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलपेक्षा कमी. एवढ्यावर जंतूंचं पोहणं आणि एकमेकांना रासायनिक निरोप पाठवणं, दोन्ही ताब्यात ठेवता आलं.

या निरोप्यांपैकी एकाचं नाव पायोसायनिन. ते वाचून मी थबकलो. जळीत रुग्णांच्या वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला किंवा सिस्टरला ते माहीत असतं, नावाने नसलं तरी रंगाने. स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग झाला की पट्टीवर जी निळसर-हिरवी झाक दिसते, ती यामुळे. हा पदार्थ आपल्या पेशींना इजा करतो. प्रयोगशाळेतल्या भांड्यात तो चालेल. आतड्यात चालण्यासाठी वेगळा, निरुपद्रवी निरोप्या लागेल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हा प्रयोग हवा काढून टाकलेल्या वातावरणात करावा लागला, कारण ऑक्सिजन स्वतःच इलेक्ट्रॉन ओढून घेतो. म्हणजे निरोप्या हजर असेल तर वीज नसतानाही बटण दाबलं जाऊ शकतं. आता विचार करा, जंतू पोटात कायमचे राहत नाहीत. ते शौचावाटे बाहेर पडतात, आणि आपल्याकडे पुढे काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. कित्येक गावांचं सांडपाणी प्रक्रियेशिवाय नाल्यात आणि नदीत जातं. तिथे ना इलेक्ट्रोड, ना रिमोट.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडी चालू करण्याचं बटण विजेचं असेल तर असू दे, ब्रेक मात्र जंतूच्या आत, त्याच्या जनुकांतच हवा. हे अशक्य नाही. फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात आजारासाठी तयार केलेल्या जंतूंना, स्वतःची भिंत बांधायला लागणारा एक घटक बनवताच येऊ नये, अशी सोय केली होती. तो घटक बाहेरून मिळाला नाही की त्यांची वाढ खुंटते. त्या औषधाची शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये थांबवावी लागली, कारण अपेक्षित गुण येईल असं दिसेना. ब्रेक चांगला होता, गाडी पुरेशी धावली नाही. या क्षेत्रात आपण नेमके कुठे आहोत ते यावरून कळेल.

मला जास्त आशा वाटते ती उलट्या दिशेच्या निरोपाबद्दल, म्हणजे जंतूने सांगायचं आणि यंत्राने ऐकायचं. एमआयटीच्या गटाने २०१८ मध्ये गिळता येईल अशी एक कॅप्सूल दाखवली. तिच्यातले जंतू रक्तातला हीम हा घटक ओळखतात आणि मंद उजेड देतात. आतली चिप तो उजेड मोजून वायरलेस निरोप बाहेर पाठवते. डुकरांच्या पोटातला रक्तस्राव तिने ओळखला. यात जंतू एका पडद्यामागे बंदिस्त राहतात. काळी शौच होते म्हणून येणाऱ्या आणि एंडोस्कोपीचं नाव काढलं की पुढच्या तारखेला न येणाऱ्या माझ्या रुग्णांचे चेहरे ते वाचताना डोळ्यापुढे आले. आधी हे येऊ दे, औषध सोडणारे जंतू नंतर.

आणि काकांच्या व्हिडिओतली शुगर? ते काम बहुधा स्वित्झर्लंडच्या ईटीएच संस्थेचं, २०२३ मधलं. तिथे जंतू नव्हतेच. मानवी पेशींमध्ये बदल करून त्या मधुमेही उंदरांच्या त्वचेखाली बसवल्या होत्या आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांतून रोज १० सेकंद ४.५ व्होल्टचा प्रवाह दिला होता. उंदरांची साखर आटोक्यात आली. उंदरांची.

"विजेचे" पट्टे, "जंतू जागे करणारी" पावडर, असलं काही कोणी आजच विकत असेल तर बिल भरण्याआधी मला फोन करा. काकांनी तसा पट्टा मागवलाच होता, ते जाता जाता कळलं. तो परत पाठवायला सांगितला. आणि त्यांनी आठवडाभर आपल्याच मनाने संध्याकाळचा डोस चार युनिटने कमी केला होता. उपाशीपोटीची शुगर २१४ आली. डोस पूर्ववत केला आहे, पंधरा दिवसांनी परत बोलावलं आहे.