फोटोखालच्या चार ओळी

वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहणारी मुलं, हातमोज्यांशिवाय मॅनहोलमध्ये उतरणारा कामगार, कोरड्या नळापुढे लागलेली हंड्यांची रांग. असे फोटो आज आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ते दोन दिवस फिरतात, चार जण हळहळतात आणि तिथेच सगळं थांबतं. तुम्ही असे फोटो काढत असाल तर माझी एक कळकळीची विनंती आहे. त्याच दिवशी फोटोखाली चार ओळी लिहा. जागा कुठली, तारीख काय, काम कोणतं, किती तास, मजुरी किती.

ही सवय शिकावी ती लुईस हाइनकडून. हा न्यूयॉर्कच्या एका शाळेतला शिक्षक. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय बालमजूर समितीने त्याला कामावर घेतलं आणि पुढची अनेक वर्षं तो कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, डबाबंद मासळीचे कारखाने पालथे घालत फिरला. दारात पहारेकरी अडवत, म्हणून कधी आगप्रतिबंधक तपासनीस, तर कधी बायबल विकणारा बनून तो आत शिरायचा. आपल्या जाकिटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याला पाठ होतं. मुलाशेजारी उभं राहिलं की उंची कळायची, त्यावरून वयाचा अंदाज बांधता यायचा. मुलाशी बोलता बोलता खिशातल्या वहीवर तो न बघता टिपणं घ्यायचा.

जानेवारी १९०९ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावच्या एका सूतगिरणीत त्याने दोन मुलांचा फोटो काढला. पोरं इतकी लहान की तुटलेलं सूत सांधायला आणि रिकाम्या बॉबिन बदलायला त्यांना चालत्या यंत्रावर चढावं लागत होतं. फोटो पाहून दया येते. पण त्याखाली गिरणीचं नाव, गाव आणि मुलं तिथे काय करत होती हे लिहिलेलं आहे, म्हणून तो पुरावा ठरतो. मालक फोटोंना खोटं ठरवणार हे हाइन ओळखून होता, म्हणूनच नोंदींच्या बाबतीत तो इतका काटेकोर राहिला. समितीने ते फोटो पत्रकांत छापले, प्रदर्शनांत लावले, खासदारांपुढे ठेवले.

तरीही लगेच काही झालं नाही, हेही नीट समजून घ्या. १९१६ मध्ये कायदा झाला, १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. देशभर टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. मेकनची ती पोरं तोवर चाळिशीच्या आसपास आली असतील. म्हणून एका फोटोने काही झालं नाही तर खचू नका, आणि एका फोटोवर थांबूही नका.

एका बाबतीत मात्र हाइनच्या वाटेने जाऊ नका. त्याने मुलांचे चेहरे छापले. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा फोटो, नाव, पत्ता, शाळा असं ओळख पटवणारं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. कामाला जुंपलेलं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करा, नोंद अधिकाऱ्यांच्या हाती द्या, पण त्याचा चेहरा कुठेही टाकू नका. उद्या त्या मुलाला शाळेत जायचं आहे.

मोठ्या माणसांना आधी विचारा. नाही म्हणाले तर फोन खिशात ठेवा. नोकरी त्यांची जाणार असते, तुमची नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले ते एकदा जरूर पाहा. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंमध्ये घाण आहेच, पण नजर आधी माणसाकडे जाते. निव्वळ कचऱ्याचा फोटो पाहून लोक नाक मुरडतात आणि पुढे जातात.

मूळ फोटो फोनमध्ये तसाच ठेवा, वर रंग किंवा फिल्टर चढवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दबतो आणि आतली तारीख-वेळेची नोंद निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग प्रिंट काढा, मागे त्या चार ओळी लिहा आणि वॉर्ड ऑफिसला किंवा ग्रामपंचायतीला साध्या अर्जासोबत द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. अर्जावर सही एकट्याची नको, ज्यांचा प्रश्न आहे त्यांची आधी हवी.

सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच कोनातून पुन्हा फोटो काढा. बदल झाला असेल तर वस्तीतल्या लोकांना दोन्ही फोटो दाखवा. झाला नसेल तर जुन्या पोचेची झेरॉक्स जोडून, दोन्ही तारखा लिहून, दुसरा अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे द्या.